फिरायला निघालेली मोटार

एकदा एका व्यापाऱ्याला आपली मोटार नकोशी झाली. मोटार देखणी होती. जुन्या घडणीची, लांबलचक, काळीभोर, आत अस्सल चामड्याच्या बैठका. मोठ्या हौसेने घेतलेली. दर रविवारी तो ती घेऊन घाटात जाई आणि दर रविवारी चिडून परत येई. अखेर त्याने गिऱ्हाईक पाहिले. सोमवारी व्यवहार व्हायचा होता. आदल्या दिवशी तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, एवढी गाडी असून मन रमत नाही. विकू ना?"

"विक की! पण त्याआधी मला एकदा फिरवून आण."

दोघे निघाले. घाट लागताच व्यापारी अस्वस्थ झाला. पुढचा ट्रक त्याला खुपू लागला, हात सारखा हॉर्नवर जाऊ लागला.

"अरे, दरी बघ केवढी!" गुरुजी म्हणाले.

"हे काहीच नाही. वर कड्यावरून बघा. सूर्य बुडायच्या आत पोचलं पाहिजे."

"आणि पोचल्यावर?"

"लगेच निघू. अंधारात घाट उतरायला नको."

कडा एका वळणापलीकडे राहिला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "मुरलीधर, गाडी वळव."

"अहो, हे काय, आलंच की!"

"वळव म्हणतो ना."

गुरुजींचा शब्द मोडवेना. त्याने गाडी वळवली. पण मग राहवेना.

"एवढ्या जवळ येऊन सगळं फुकट घालवलंत!"

"घरी काय सांगून निघालास?"

"फिरायला जातो म्हणून."

"फिरायला निघालेला मनुष्य कुठूनही मागे फिरला, तरी त्याचं काही राहत नाही. जेवढा फिरला, तेवढं त्याला मिळालेलंच असतं. तुझं राहिलं. म्हणजे तू फिरायला नव्हे, पोचायला निघाला होतास. पोचायला एसटीसुद्धा पुरते रे. गाडीचा काय दोष?"

इंजिनाचा संथ, भरदार आवाज व्यापाऱ्याला आज प्रथमच ऐकू आला. पाय अजून घाई करतच होता. तो त्याने आवरला. मग एका साध्याशा वळणावर, जिथे पाटी नव्हती आणि कोणी थांबतही नसे, त्याने मोटार कडेला घेतली.

"का रे? इथे काय आहे?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि गुरुजींच्या बाजूचे दार उघडायला खाली उतरला.

उद्याच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे, हे त्याने विचारले नाही.