ठकूची दुपारची गोष्ट

ज्यांनी तिला पाहिलं ते कधीच मातीत गेले, आणि ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं तेही आता थोडेच उरलेत. म्हणून सांगून ठेवतो. फार वर्षांपूर्वी पळसखिंडीत ठकू नावाची बाई राहायची. घायपाताचे दोर वळून पोट भरायची. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच पोर, सोनी. ठकू इतकी बुजरी की चार माणसांत तिची जीभ टाळ्याला चिकटायची. पाणवठ्यावरच्या बायका तिला मुकी ठकू म्हणत. ती मोकळी बोलायची ती फक्त सोनीशी, दिवा लागल्यावर, गोष्टी सांगताना.

एका उन्हाळ्यात मरीआईचा फेरा आला. घराघरातून तिरड्या उठल्या. लोकांनी गाव सोडलं, माळावर पाल्याच्या खोपी घातल्या. पटकी तिथंही मागोमाग आली. सोनी आजारी पडली. भर दुपारी म्हणाली, "आये, गोष्ट सांग."

"दिवसा सांगू नये, बाळा. मामा वाट चुकतो. दिवा लागला की सांगते."

दिवा लागला तेव्हा ऐकायला सोनी नव्हती.

ठकू रडली नाही, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोपीत एक पोर तळमळत होतं, त्याची आई पाण्याला गेली होती. ठकू आत जाऊन बसली. पोराकडं बघायचा धीर होईना, म्हणून कुडाकडं तोंड करून एका आंधळ्या सशाची गोष्ट सांगू लागली. पोर म्हणालं, "मग?" तेव्हा तिनं मान वळवली.

मग रोज दुपारी पोरं जमू लागली. पोरांना मरण चालत नसे. ससा विहिरीत पडला की ती ओरडत, "वर काढ त्याला!" आणि ठकू त्याला वर काढायची.

तरण्यांचं तसं नव्हतं. भागू नावाच्या पोरीचा नवरा फेऱ्यात गेला होता. ती म्हणाली, "मला पोरासारखं फसवू नगंस." ठकू गांगरली, उठून गेली. पण दुसऱ्या दिवशी परत आली आणि तिनं सोनीची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. मधेच तिचा आवाज फुटला, तो तिनं सावरला नाही. भागू त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

म्हातारे मात्र कुणाचं ऐकत नसत. बयाजीआबांनी दोन्ही लेकांना अग्नी दिला होता. ते अन्न सोडून पडले होते. ठकू त्यांना जुन्या महापुराची गोष्ट सांगताना चुकली. आबा कुशीवर वळले. "तसं न्हवतं गं पोरी," म्हणाले, आणि पुढची गोष्ट त्यांनीच सांगितली. सांगून झाल्यावर पेज मागितली. त्यानंतर ठकू म्हाताऱ्यांपुढं मुद्दाम चुकायची, असं म्हणतात.

ठकूचा भाऊ हैबती खिंडीपलीकडं राहायचा. सोनी गेल्याचं कळल्यावर त्यानं सांगावा धाडला, 'अवसेला न्यायला येतो.' तिला रक्ताचं असं तेवढंच माणूस उरलं होतं. त्या अवसेला फेऱ्याचा जोर फार होता. आजारी माणसं वडाखाली आणून निजवली होती, पोरं, तरणी, म्हातारी, सगळी. दुपार तापली. आबा म्हणाले, "ठके, आज नगं सांगू. भाऊ वाटंवर हाय."

ठकू बराच वेळ खिंडीकडं बघत राहिली. एका चिमुरडीनं तिचा पदर धरला. "गोष्ट."

"आबा," ठकू म्हणाली, "सोनीला मी सांजंवर ठिवलं हुतं."

आणि तिनं सुरुवात केली. गोष्ट एकच, पण पोरं ती ऐकून हसली, तरणी रडली आणि म्हाताऱ्यांनी तिच्या चुका काढल्या. सूर्य खिंडीवर अडकून राहिला, सावल्या हलल्या नाहीत, असं म्हणतात. मरीआई माळाच्या कडेला उकिडवी बसून ऐकत होती, आणि गोष्ट संपल्यावर कुणालाच न घेता उठून गेली, असंही म्हणतात.

हैबती आला नाही. खिंडीच्या पायथ्याशी गुराख्यांनी त्याला पाहिलं होतं, तेवढंच. माणसांनी डोंगर पालथा घातला, त्याची वहाणसुद्धा सापडली नाही.

गाव पुन्हा वसलं. ठकू जत्रेच्या गर्दीतही गोष्ट सांगायची, न चाचरता, आणि शेवटच्या माणसापर्यंत तिचा आवाज पोचायचा. पण रोज तिन्हीसांजेला ती खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. म्हातारपणी एका दुपारी गोष्ट सांगता सांगताच ती उठली आणि खिंड चढू लागली. लोक खाली थांबून ऐकत राहिले. आवाज बारीक होत गेला, मग नुसता वारा उरला.

आजही चैत्राच्या अवसेला पळसखिंडीत भर दुपारी गोष्टी सांगतात. आधी पोरांना, मग तरण्यांना, शेवटी म्हाताऱ्यांना. मग सगळं गाव खिंडीच्या तोंडाशी जाऊन एकदम हाक घालतं, "मामा, वाट इकडं हाय!" हाक डोंगरावर आपटून परत येते. मोठी माणसं माघारी फिरतात. लहान पोरं मात्र हलत नाहीत. त्यांना वाटतं, वरून कुणीतरी ओ दिली.