कपारीतला हेकरू

“मग मी तिचं वाईट काय केलं, ते तरी सांगा, बाबा.”

इंदुमतीने याकूबबाबांना विचारलं. पिराच्या टेकडीखाली, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावर बसून ते गळाला खेकड्याचा तुकडा लावत होते.

इंदुमतीची मुलगी एकोणीस वर्षांची. तीन आठवडे झाले, खोलीचं दार आतून लावून बसत होती. आईशी एक शब्द नाही.

“ताट दाराशी नेऊन ठेवते. तिच्यासाठी सोमवार धरलेत. तिचा फोन मी बघते, वह्या मी बघते, कुणाशी बोलली ते रोज विचारते. एवढं कोण करतं हो?”

“कुणी नाही,” बाबा म्हणाले आणि त्यांनी दोरी पाण्यात सोडली.

थोड्या वेळाने हिसका बसला. बाबांनी दोरी तिच्या हातात दिली.

“धर. हेकरू मासा लागलाय.”

“ओढू?”

“ओढ की.”

तिने ओढली. दोरी ताठ झाली, बोटात रुतली. मासा तसूभर हलेना.

“अडकला कुठे मेला?”

“त्याच्या घरात. प्रवाळातली एक कपार धरतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. भ्याला की आत शिरतो, कल्ले फुगवतो, पाठीचे काटे उभे करतो. ओढशील तेवढा घट्ट बसेल.”

“नर असणार. एवढा हट्टी.”

“लहानपणी सगळ्या माद्याच असतात. वाढल्या की त्यातल्या काहींचे नर होतात.”

“अगंबाई. मग आई कोण नि बाप कोण?”

“पाण्यात अजून कुणी विचारलं नाही, बाय.”

ती हसली नाही.

“मग आता काय करू?”

“सैल सोड.”

“आणि गेला तर?”

बाबांनी नुसती दोरीकडे बोटाने खूण केली.

तिने दोरी सैल सोडली. पाणी नितळ होतं. बऱ्याच वेळाने कपारीच्या तोंडाशी जाड ओठांचं, ठिपक्याठिपक्यांचं डोकं दिसलं. मग कल्ले मिटले, काटे आडवे झाले. अख्खा मासा हळूच बाहेर आला.

“कळलं,” इंदुमती पुटपुटली. “आजपासून दार वाजवणार नाही. काही विचारणार नाही. गप्प बसते. आपणहून बाहेर आली, की मग बघते…”

बोलता बोलता तिने दोरीचा एक वेढा मुठीला घेतला.

बाबांनी मुठीकडे पाहिलं.

“दोरी सैल सोडलीस, बाय. गळ तोंडातच आहे.”