पास्कू तांडेलाची साक्ष

वसईच्या किनाऱ्यावर, खाडीच्या मुखाशी कोळवली नावाचे गाव होते. तेथील ख्रिस्ती देवळात फादर मिंगेल सेवा करीत. लोक त्यांना प्रेमाने पाद्रीबाबा म्हणत. मोठमोठे लॅटिन ग्रंथ बाबांना मुखोद्गत होते. पण कोळणींशी बोलताना त्यांनी कधी एकाही ग्रंथाचे नाव घेतले नाही.

एका साली पलीकडच्या मिठागराच्या मालकाने सगळ्या खाडीवर हक्क सांगितला. खाडी गेली तर गावाने जाळी टाकायची कुठे? क्रूस कोरलेला गावाच्या हद्दीचा धोंडा खाडीत पाण्याखाली आहे, असे सारे ऐकून होते. पाहिला मात्र कोणीच नव्हता. मुन्सफ जागेवर येऊन गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची, पास्कू तांडेलाची, साक्ष घेणार होते.

गोव्याला तत्त्वज्ञान शिकून आलेले संतान मास्तर पास्कूला म्हणाले, "काठावरच्या वडासमोर, काठापासून वीस हातांवर धोंडा डोळ्यांनी पाहिला, एवढंच सांग."

"पण मास्तर, मी नाय पाहिला. बापाकडून ऐकलंय."

मास्तर हसले. "धोंडा आहे हे खरं ना? मग खऱ्यासाठीच बोलायचं. अडाण्याला हेतू आणि कृती यांतला भेद काय कळणार!"

पास्कूला रात्रभर झोप लागली नाही. पहाटेच तो बाबांकडे गेला. "बाबा, मास्तर शिकलेले. माझंच चुकतंय काय?"

बाबा म्हणाले, "पास्कू, बुद्धी देवानेच दिली आहे, सत्य शोधायला. मास्तर तिला पळवाट शोधायला लावतात. हेतू कितीही चांगला असो, शुभवर्तमानावर हात ठेवून बोललेले खोटे खोटेच राहते. तुझे मन काय सांगते?"

"तेच सांगतं, बाबा."

"मग त्याचेच ऐक."

सकाळी सारा गाव काठावर जमला. शुभवर्तमानावर हात ठेवून पास्कू म्हणाला, "धोंडा हाय असं बाप सांगायचा. मी पाहिला नाय."

एकच गिल्ला झाला. "म्हाताऱ्याने गाव बुडवला!" मास्तर ओरडले. पास्कू मान खाली घालून उभा राहिला. मुन्सफ कागद गुंडाळू लागले. तेव्हा पाद्रीबाबा चिखलात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

ते भांगाचे दिवस. अशा दिवसांत ओहोटी फार लांब जात नाही. पण त्या दिवशी पाणी मागे सरत गेले, सरतच राहिले! कोणी कधी न पाहिलेला तळ उघडा पडला आणि काठापासून तब्बल दीडशे हातांवर शेवाळाने माखलेला धोंडा वर आला. मुन्सफांनी स्वतः शेवाळ खरवडले. खाली क्रूस होता!

गावाची हद्द वीस हातांवर नव्हती; दीडशे हातांवर होती. पास्कू खोटे बोलला असता, तर उरलेली खाडी गावाने आपल्याच तोंडाने देऊन टाकली असती.

मास्तरांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी विचारले, "बाबा, धोंडा दिसलाच नसता तर?"

बाबा शांतपणे म्हणाले, "तर खाडी गेली असती. आपण सारे उपाशी राहिलो असतो. आणि तरीही, संतान, पास्कूचे बरोबरच असते."

मास्तर चिखलातून चालत पास्कूजवळ गेले, वाकले आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले.

"उठा, मास्तर," पास्कू संकोचून म्हणाला, "कपडे खराब होतात."

मास्तर उठले नाहीत.