तिसरा होकार

एका राज्यात प्रजा मोठी सुखी होती. निदान प्रधान मंजुघोष तसं सांगे, आणि राजासकट सगळे माना डोलवीत. हा प्रधान पक्का मायावी. दरसाल चौथऱ्यावर उभा राही आणि तीन प्रश्न विचारी. पहिल्या दोहोंना लोक आपण होऊन ‘होय’ म्हणत. ते दोन होकार दिले की तिसरा मंत्राच्या बळाने आपसूक तोंडाबाहेर पडे. मग एक तरणाबांड मुलगा सर्पगुहेत जाई, परत येत नसे, आणि गुहेतलं शापित सोनं प्रधानाच्या महालात येई.

सभेच्या सकाळी विणकरीण वेणुका मागावर बसली होती, पण हात चालेना. छपरावर भारद्वाज येऊन बसला. म्हणाला, “बाई, आज तुझ्या लेकाची, सुबाहूची पाळी.”

“उपाय सांग, पक्षिराजा!”

“पहिल्या दोन प्रश्नांना गप्प राहा. तिसऱ्याला नाव विचार.”

एवढंच ना, असं वेणुकेला वाटलं.

चौक माणसांनी फुलून गेला. प्रधानाने मधाळ सुरात विचारलं, “प्रजाजनहो, तुम्हांला आपली लेकरं प्रिय आहेत ना?”

“होय!” चौक दणाणला. वेणुकेने ओठ दाताखाली धरला. लेकराच्या मायेला होकार न देणं किती जड! शेजारीण फणकारली, “अगं, तुला मुलगा नकोसा झालाय का?”

प्रधानाने दुसरा प्रश्न टाकला, “शत्रूपासून राज्य वाचायला हवं ना?”

“होय!” आता लोक डोळे वटारून तिच्याकडे बघू लागले. कुणी ‘फितूर’ म्हणालं, कुणी कोपराने ढोसलं.

“मग राज्यासाठी एक शूर पुत्र द्यायचा ना?”

लोकांनी श्वास घेतला, तेवढ्यात वेणुका ओरडली, “कुणाचा?”

“राज्याचा.”

“राज्य बाळंत होत नाही, प्रधानजी. नाव घ्या!”

प्रधानाने ओठ घट्ट मिटले. पण विचारलं की सांगावंच लागे, त्याच्या मंत्राचाच तो नियम होता.

“सुबाहू,” तो पुटपुटला.

सुबाहू तिथेच उभा होता, सगळ्यांच्या ओळखीचा. नाव कानी पडताच मंत्राचं बळ सरलं, कुणाच्याच तोंडून होकार निघेना. त्या क्षणी प्रधानाची वाचा गेली, सोन्याचे कोळसे झाले आणि आजवर गेलेली मुलं डोंगर उतरून चालत आली. राजा भानावर आला. त्याने मंजुघोषाला हद्दपार केलं.

आया धावल्या. सुबाहू आईजवळ आला. “आई, यांना धाडलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस?”

वेणुकेला खोटं बोलवेना. “होय म्हणाले होते, बाळा,” ती म्हणाली, आणि रडत रडत त्या मुलांना सामोरी गेली.