खडीवरचा सडा

एकदा एका आश्रमाच्या दारात खडी आली.

आश्रम गावाबाहेर, चढावर होता. पावसाळ्यात फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट चिखलाने अशी भरे की आलेल्या माणसाची गाडी रुतायची आणि आतली माणसे पदर खोचून, धोतर वर करून ती ढकलायला धावायची. एका व्यापाऱ्याची गाडी अशीच रुतली. त्याने परत गेल्यावर स्वतःहून काळी खडी पाठवली आणि सगळ्या वाटेवर अंथरून दिली. चिखल गेला. पावसाचे पाणी खडीतून खाली मुरून शेजारच्या विहिरीला मिळू लागले. सगळ्यांचे समाधान झाले.

आश्रम चालवणाऱ्या वृद्ध बाईंना सारे माई म्हणत. त्यांच्यापाशी एक तरुण शिष्या शिकायला राहिली होती आणि दाराची निगा तिच्याकडे होती. ती उजाडताच उठे, गोठ्यातले ताजे शेण बादलीत कालवी आणि फाटकापासून ओसरीपर्यंत सडा घाली. लहानपणी आईने पहिले काम शिकवले ते हेच. तिचा हात त्यात असा बसला होता की कुठे ओघळ नाही, कुठे कोरडा ठिपका नाही. येणारी बाई हटकून थांबायची आणि म्हणायची, "काय गं सुरेख सडा! कोणाच्या हातचा?" शिष्या खाली बघून हसे. मान खाली असली तरी मन मात्र ताठ उभे असे.

खडीला दोन पावसाळे झाले आणि तिच्यातून गवत वर आले. आधी हरळी आली, मग केना, मग लव्हाळा. दिवाळीला तो व्यापारी दर्शनाला आला, तेव्हा गाडीतून उतरतानाच त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"माई, ही वाट आहे की कुरण? मी सांगतो, ही खडी राहू दे खाली, वरून सिमेंट ओतून देतो. कटकटच नको."

माई काही बोलायच्या आत शिष्याच पुढे झाली. "शेठजी, सिमेंट नको. सगळं पाणी वाहून रस्त्यावर जाईल, विहिरीला काय उरेल? दाराचं काम माझं आहे. पुढच्या दिवाळीला या. गवत दिसलं तर खुशाल ओता."

"शब्द देतेस?"

"दिला."

ओसरीवर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. माईंनीही ऐकले. त्या नुसत्या म्हणाल्या, "दिलास तर मग पाळ, पोरी."

त्या दिवसापासून शिष्या खुरपे घेऊन खडीत बसू लागली. दुपारचे जेवण झाले की बाकीच्या जरा आडव्या होत आणि ही डोक्यावर पदर घेऊन गवत उपटत राही. लव्हाळ्याची गाठ खोल असते, वरून ओढले की पाती हातात येते आणि गाठ खाली हसत बसते. म्हणून ती दगड बाजूला सारून बोटांनी उकरी. भाताची गरम पेज तिने ओतून पाहिली, उकळते पाणी ओतून पाहिले. गवत दोन दिवस मलूल होई, तिसऱ्या दिवशी पुन्हा डोके वर काढी. कोणी फवारणीचे औषध आणून दिले. माईंनी ते बाटलीसकट परत पाठवले. "इथं लहान पोरं बूड टेकून सागरगोटे खेळतात. तो हात तसाच तोंडात जातो."

उन्हाळ्यात वाट साफ दिसली. शिष्येला वाटले, जिंकले. आणि मृगाचे चार शिडकावे पडताच वाट पूर्वीपेक्षा हिरवी झाली.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, गवताला तुझा लळा लागलाय. तू दिसली नाहीस तर ते रडत असेल."

सगळ्या हसल्या. शिष्या हसली नाही. ती खुरपे तिथेच टाकून तडक माईंकडे गेली.

"माई, इथली जमीनच वाईट आहे. वर कितीही उपटा, खालून येतच राहतं. सगळी खडी उचलू, खाली जाड प्लास्टिक घालू आणि मग परत पसरू. नाहीतर माझा शब्द जातो."

माईंनी तिच्या नखांत बसलेली माती पाहिली. मग म्हणाल्या, "दोन घमेली घे. पाणी निघून जायला बुडाला भोकं पाड. वाटेवरची थोडी खडी आण, ती पाण्यात खळखळून धू, इतकी की पाणी नितळ राहिलं पाहिजे. दोन्ही घमेली भर आणि गच्चीवर नेऊन ठेव. रोज सकाळी एकाला साधं पाणी घाल आणि दुसऱ्याला तुझा सडा."

"गच्चीवरच्या घमेल्याला सडा? माई, देव गच्चीवरून येणार आहेत का?"

"आले तर त्यांचीही सोय झालेली बरी."

शिष्या धुसफुसतच गेली. आपली वाट बुडते आहे आणि माईंना घमेली सुचताहेत, असे तिला वाटले. पण सांगितलेले टाळायची तिची रीत नव्हती. पाऊस असो, उघडीप असो, ती वाटेवर सडा घाली, उरलेला जिन्याने वर नेई, एका घमेल्यावर शिंपडी, दुसऱ्यावर तांब्याभर पाणी ओती आणि मागे न पाहता खाली येई. खाली तिचे गवत वाट पाहत असे.

श्रावणात एका सकाळी ऊन पडले. ती वर गेली आणि बादली हातातच राहिली.

सड्याच्या घमेल्यात गवत होते. केना, हरळी आणि नाव माहीत नसलेले आणखी कसलेसे. पाती तजेलदार होती, वाटेवरच्या गवताची जणू सख्खी भावंडे. पाण्याच्या घमेल्यात एकच काडी होती. तिने ती दोन बोटांत धरली तर मुळासकट अलगद वर आली, काही पकडच नव्हती. मग तिने सड्याच्या घमेल्यातली एक पाती ओढली. ती तुटली, पण मूळ आले नाही. तिने दोन दगड बाजूला केले आणि बोट आत घातले. आत काळी, मऊ, ओलसर माती होती आणि तिला गोठ्याचा वास होता. मातीखाली घमेल्याचा पत्रा, पत्र्याखाली गच्ची. वाईट जमीन कुठेच नव्हती.

ती तिथेच खाली बसली. जिना चढून माई कधी आल्या ते तिला कळले नाही.

"माई," ती म्हणाली, "सकाळी मी पेरत होते आणि दुपारी मीच उपटत होते."

माई कठड्याला टेकून बसल्या. चढल्यामुळे त्यांना धाप लागली होती. दम खाऊन त्या म्हणाल्या, "तुला खोटं कशाला सांगू, मलाही आधी वाटत होतं की गवत खालूनच येतं. तुझी नखं पाहिली तेव्हा शंका आली. एवढ्या दगडांत एवढी माती कुठली? हे बघ, बी वाऱ्यावर येतं, पाखराच्या चोचीतून येतं. ते कोणी अडवू शकत नाही. पण नुसत्या दगडावर ते किती दिवस तग धरणार? त्याला रुजायला जी माती लागली ती तू रोज नेमाने दिलीस. गाईच्या पोटातून न पचलेलं बी आलं, तेही दिलंस. आळसाने दिलं असतंस तर कधीच लक्षात आलं असतं. श्रद्धेने दिलंस, म्हणून कोणाला दिसलं नाही. आपण जे वाईट करतो त्यावर आपली नजर असते, पोरी. जे चांगलं म्हणून करतो, तिकडे वळून बघायला आपण विसरतो."

शिष्येचे डोळे भरले. "मग सडा सोडू? आईने शिकवलाय तो."

"तुझ्या आईचं अंगण मातीचं होतं ना?"

"हो."

"मग तिचं बरोबरच होतं. मातीवरची धूळ बसते सड्याने. आपल्याकडेही तुळशीपुढे माती आहे, तिथं घाल की हात भरून. खडीला दगड राहू दे."

शिष्या उठली. पाऊस ओसरल्यावर तिने फावडे घेतले आणि फाटकापासून खडी उचलायला सुरुवात केली. वाळूच्या चाळणीतून ती चाळायची, हौदावर धुवायची, पुन्हा पसरायची. चाळणीखाली पडणारी माती इतकी कसदार होती की काकूंनी ती वांग्याच्या वाफ्यात ओढून नेली आणि चार दिवसांनी पदर खोचून स्वतःच चाळणीचे दुसरे टोक धरले. "लळा लागला होता गवताला, आता मलाच लागलाय," म्हणाल्या. शिष्येच्या हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. नंतर रोजचे काम थोडेसेच उरले. पडलेला पाला साठू न देता उचलायचा, दंताळ्याने खडी हलवायची, वाऱ्याने आलेली एखादी काडी कोवळी असतानाच दोन बोटांनी काढायची.

दिवाळीला व्यापारी आला. या खेपेस गाडीतून उतरून तो वाटेवरून पायी चालत आला, मधेच वाकला, हाताने दगड सारून पाहिले. खडी धुतल्यासारखी काळीभोर होती.

"मानलं!" तो ओसरीवर येत म्हणाला. "माई, औषध कोणतं मारलंत? माझ्या गोदामाच्या आवारात हीच बोंब आहे."

ओसरीवर त्या दिवशीही माणसे बसली होती. गेल्या वर्षी शब्द ऐकणारी बरीचशी तीच होती. माई शिष्येकडे पाहू लागल्या. तिने नुसते मेहनतीचे सांगितले असते तरी ते खरेच ठरले असते आणि लोकांनी मान डोलावली असती.

शिष्येने घसा साफ केला. "औषध काही नाही, शेठजी. ते गवत माझ्याच सड्याने वाढत होतं. तुम्ही सगळे ज्याचं कौतुक करत होता ना, त्याच सड्याने. ते कळलं, मग थांबवलं आणि साचलेलं सगळं उपसून काढलं."

कोणीतरी फिसकन हसले. ती डगमगली नाही. मान खाली घालून हसायची तिची जुनी सवय, पण आज तिने मान वरच ठेवली होती आणि चेहऱ्यावर लाज नव्हती, केलेल्या कामाचे तेज होते.

व्यापारी हसला नाही. तो खांबाला टेकून बसला आणि खडीकडे पाहू लागला.

"माझा मुलगा," तो हळू आवाजात म्हणाला, "एक काम धड पुरं करत नाही. त्यावरून मी त्याला रोज बोलतो. घरात दुसरा विषय नाही. आणि त्याचं प्रत्येक अर्धवट काम रोज मीच पुरं करून देतो. प्रेमानेच करतो हो. त्याला त्रास नको म्हणून."

माईंनी बोलण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात शिष्या त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "पहिल्या दिवशी फार वाईट वाटतं, शेठजी. आपणच केलं, असं सारखं टोचतं. पण त्यात एक बरं असतं. दोष जमिनीचा असता तर आपण काय करणार होतो? आपल्या हाताचा आहे, म्हणजे आपल्या हाताने थांबतो."

माईंनी उघडलेले तोंड मिटून घेतले. सांगायचे होते ते सांगून झाले होते, आणि सांगणारी त्यांची होती.