मोकळा झालेला ताण्या

माणूस शेती शिकला नव्हता तेव्हाची गोष्ट. एका सशाच्या मांडीत, स्नायूच्या पेशीत, ताण्या नावाचा तंतू राहायचा. ओढणं हे त्याचं काम. बांधणी नावाची त्याची शेजारीण त्याला पेशीच्या पडद्याशी घट्ट धरून ठेवायची.

“बाई, स्वतः काडीचं काम करत नाहीस, वर मला आवळतेस. सोड!” ताण्या खेकसला.

“सोडते बाबा. पण मग तुझी ओढ पायापर्यंत पोचवणार कोण?”

“ते मी बघतो!”

बांधणीने सोडलं. त्याचं पाहून मांडीतले सगळेच तंतू मोकळे झाले.

तेवढ्यात गवत सळसळलं. कोल्हा! ताण्याचं धाबं दणाणलं. सगळ्यांनी जीव खाऊन ओढलं आणि जो तो जागच्या जागी आखडून गोळा झाला. पाय हललाच नाही.

गवत आणखी जवळ सळसळलं.

“बांधणे, धर गं मला!”

तिने हात लांबवला. आखडलेला ताण्या तिच्या हाताला लागेना.