नळीवरचा तळहात

“...आणि पाण्याचा प्रवाह आणखी वाढवला तर?” शार्दूलने विचारलं.

इंगवलेमामा पाइपांपाशी स्टुलावर बसले होते.

क्ष-किरणांची प्रयोगशाळा होती ती. शिशाच्या भिंतींआड किरण आधी सिलिकॉनच्या एका स्फटिकावर पडे. इतका प्रखर, की स्फटिक तापून फुगायचा आणि पुढे जाणारा किरण वाट चुकायचा. म्हणून स्फटिकाच्या बैठकीतून सतत गार पाणी खेळवलेलं. ही नवी बैठक शार्दूलची. तिच्यावरच त्याने डॉक्टरेट मिळवली होती.

चारपर्यंत किरणाचा पडद्यावरचा ठिपका स्थिर झाला नाही, तर ही बैठक काढून जुनी बसवायची, असं ठरलं होतं.

मामा फिटर. एकतीस वर्षं इथलं पाणी सांभाळत होते.

तीन वाजून गेले होते.

“मिनिटाला आठ लिटरने सुरुवात केली, मामा. मग अकरा. आता तेरा. तापमान उतरलं. पण ठिपका आधीपेक्षा जास्तच नाचतोय.”

“मग आता सोळा करता?”

“पंप देईल?”

“देईल की. नाही म्हणायला त्याची कुठे डॉक्टरेट झालीय!”

शार्दूल हसला नाही.

मामांनी त्याचा हात धरला आणि बैठकीकडे जाणाऱ्या नळीवर ठेवला.

“काय लागतं?”

“गार.”

“ते आकड्यातही दिसतं. आणखी?”

“थरथर,” शार्दूल हळूच म्हणाला. “पाण्याची.”

मामा उठले. व्हॉल्व्ह फिरवू लागले... बंदच्या बाजूला.

“मामा, स्फटिक तापेल!”

“तापेल थोडा.”

“गणितात बसत नाही हे.”

“गणितात थरथर धरली होती?”

मामांनी व्हॉल्व्ह आणखी आवळला.

अकरा. नऊ. स्फटिक दोन अंश चढला आणि तिथेच थांबला. पडद्यावरच्या ठिपक्याला कडा दिसू लागल्या.

“कितीवर थांबायचं? आकडा सांगा, लिहून ठेवतो.”

मामांनी व्हॉल्व्हवरचा हात काढून घेतला.

“तुम्ही फिरवा. दुसरा हात नळीवर राहू द्या.”

शार्दूलने डोळे मिटले. केसभर फिरवला. थांबला. आणखी केसभर...

समोर ठिपका निश्चल झाला. त्याने पाहिलं नाही. तो केसभर मागे-पुढे फिरवतच राहिला.

“नाही, मामा,” शेवटी तो खचून म्हणाला. “अजून थरथर लागतेच आहे.”

मामांनी आपला तळहात नळीवर, त्याच्या हाताशेजारी टेकवला. क्षणभर तसाच ठेवला.

“हात काढा, डॉक्टर. पाणी केव्हाच शांत झालंय.”